हिरड्यांचं न दुखणारं दुखणं

दाढ दुखायला लागली की सगळ्या घराला कळतं. रात्रभर झोप नसते, लवंगेचं तेल शोधलं जातं, सकाळी कुणीतरी गाडी काढून दवाखान्यात नेतं. हिरडीचा आजार असा गाजावाजा करत नाही. चूळ भरताना थोडं रक्त येतं, तोंडाला वास येतो, दात पूर्वीपेक्षा लांब दिसायला लागतात आणि एक दिवस दात हलतो. तोवर कित्येक वर्षं गेलेली असतात. मग घरातले म्हणतात, "आता वय झालं." पन्नाशीतच गाल आत गेलेल्या, भात कालवून गिळणाऱ्या कितीतरी बायका मी आमच्या गोंदिया जिल्ह्यात पाहिल्या आहेत. त्यांना विचारलं तर त्याही तेच सांगतात, वय झालं म्हणून.

हा लेख माझ्या अम्मीच्या हिरड्यांबद्दल आहे. तिची इजाजत घेऊन लिहिते आहे. तिने एकच अट घातली, "लिहायचं तर पुरतं लिही. गुडाखूचंही लिही."

अम्मी आमगावला माझ्या भावाकडे असते. वय अठ्ठावन्न. नऊ वर्षांपासून शुगर आहे. असरच्या नमाजेनंतर मोहल्ल्यातल्या मुली तिच्याकडे कुरआन शरीफ शिकायला येतात. वीस-बावीस वर्षांत तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आता स्वतः आई झाल्या आहेत. अम्मी फार शिकलेली नाही, पण तलफ्फुजच्या बाबतीत कडक. ज्यांनी कायदा शिकला आहे त्यांना ठाऊक आहे की 'से', 'जाल' आणि 'जोय' ही अक्षरं काढताना जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागावं लागतं, आणि 'फे' काढताना त्याच दातांची कडा खालच्या ओठाला. तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये आधी फट नव्हती. दोन-तीन वर्षांत ती वाढत गेली, दात पुढे आले आणि हलायला लागले. 'से' म्हणताना फटीतून हवा जाऊन शिट्टीसारखा आवाज यायचा.

एके दिवशी आठ वर्षांच्या एका मुलीने सबक सुनावताना तीच शिट्टी काढली. ती चेष्टा करत नव्हती. उस्तादबी जसं म्हणतात तसंच ती म्हणत होती. अम्मीने त्या दिवशी काही बोलून दाखवलं नाही, पण पुढचे चार दिवस "तब्येत बरी नाही" म्हणून मुलींना परत पाठवलं. पाचव्या दिवशी तिने मला गोंदियाला फोन केला आणि म्हणाली, "बेटा, आता मुली दुसऱ्या कुणाकडे पाठवाव्या लागतील." नऊ वर्षांत शुगरसाठीही तिचा आवाज असा झालेला मी ऐकला नव्हता.

जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथे सल्ला मिळाला की हिरड्या गेल्याच आहेत, सगळे दात काढा आणि कवळी बसवा. अम्मीला हे पटलं होतं. एकदाच त्रास, मग सुटका. भावालाही पटलं. मला मात्र वाटलं की एवढा मोठा निर्णय एका तपासणीवर घेऊ नये. म्हणून आम्ही नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. तिथे हिरड्यांच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. आमगावहून पहाटे निघून गोंदियाला आणि तिथून गाडीने नागपूरला. पुढे ही वारी आमच्या चांगल्याच सवयीची झाली.

तिथे आम्हाला जे समजलं ते सोप्या शब्दांत सांगते. दातांवर दररोज एक चिकट, पांढुरका थर बसतो. तो जंतूंचा असतो. रोज नीट घासला तर निघतो. राहिला तर थुंकीतल्या क्षारांमुळे दगडासारखा घट्ट होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. किटण ब्रशने निघत नाही. हिरडीला या जंतूंचा त्रास होऊन ती लाल होते, सुजते, तिच्यातून रक्त येतं. ही पहिली पायरी. इथे उपचार झाले तर हिरडी पूर्ववत होते. पुढे आजार आत उतरतो. हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. त्या खिशात आणखी जंतू साचतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं. ते हाड आपोआप भरून येत नाही. दात हलतो, सरकतो, पुढे येतो. तो स्वतः किडलेला नसतो, त्याची जमीनच सरकलेली असते.

डॉक्टरांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळी घेऊन प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खिशाची खोली मोजली. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक मानतात. अम्मीची बरीच मापं पाच-सहा होती, खालच्या एका दाढेला आठ. एक्स-रेमध्ये हाड किती उरलं आहे तेही दाखवलं. मग सांगितलं, "एक दाढ वाचणार नाही. बाकीच्यांसाठी प्रयत्न करता येईल. पण निम्मं काम आमचं आणि निम्मं तुमचं. तुमचं निम्मं रोज रात्री करायचं आहे."

शुगरचा प्रश्न तिथे पहिल्यांदा नीट उलगडला. शुगर वाढलेली असली की हिरड्यांचा संसर्ग लवकर वाढतो आणि जखम उशिरा भरते. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. उलट बाजू कमी लोकांना माहीत असते. हिरड्यांत कायम सूज असेल तर शुगर आटोक्यात आणणंही अवघड होतं. हिरड्यांवर उपचार झाल्यावर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी थोडी खाली येते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. हे प्रमाण काही दशांशांचं आहे, त्यामुळे गोळ्या आणि पथ्य सुटत नाही. पण ज्यांची शुगर गोळ्या घेऊनही हटत नाही त्यांनी एकदा आरशात हिरड्या पाहाव्यात, एवढं तरी यातून घ्यावं.

उपचार असे झाले. पहिल्या दोन वेळा वरची साफसफाई, म्हणजे स्केलिंग. मग हिरडी बधिर करून मुळांपर्यंतची खोल सफाई, एका वेळी एक बाजू. ती एक दाढ काढली. वरचे पुढचे दात मागच्या बाजूने बारीक तार आणि दाताच्या रंगाचं मिश्रण लावून एकमेकांना बांधले, म्हणजे हलणाऱ्याला न हलणाऱ्याचा आधार. आठ आठवड्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा बहुतेक मापं तीन-चारवर आली होती. एका कोपऱ्यात खिसा खोलच राहिला होता. तिथे हिरडी उघडून आतलं साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया केली, टाके घातले.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. पहिल्या सफाईनंतर अम्मी घाबरली. थंड पाणी झोंबायला लागलं, दातांमध्ये फटी दिसायला लागल्या. शेजारच्या खालांनी लगेच म्हटलं, "बघ, मी सांगत होते. सफाई केली की दात ढिले होतात." ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि तिच्यामुळे कित्येक जण अर्ध्यातूनच उपचार सोडतात. खरं असं की त्या फटी आधीपासूनच होत्या, किटणाने बुजलेल्या होत्या. सुजलेली हिरडी उतरली की दात लांब दिसतात. किटणाचा खोटा आधार गेला की दात काही दिवस जास्त हलल्यासारखा वाटतो, मग हिरडी घट्ट होते. झोंबणंही बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, म्हणून आम्ही टिकलो.

आता गुडाखू. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाच्या पाकाची काळसर लुगदी. छोट्या डबीत मिळते. छत्तीसगड आमच्या शेजारी, तिथे आणि आमच्याकडे ती दातांना आणि हिरड्यांना बोटाने चोळतात. पुरुषांनी विडी ओढली तर लोकांना दिसते, बाईची गुडाखू मात्र मंजनाच्या नावाखाली झाकून जाते. केंद्र सरकारने १९९२ साली दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी घातली, तरी ही डबी घराघरांत आहे. अम्मी लग्नाआधी तेंदूपत्त्यांच्या विड्या वळायची. तंबाखूचा वास तिला लहानपणापासून सवयीचा. गुडाखू तिला तिच्या सासूने दिली, दाढ दुखत होती म्हणून. तंबाखूने हिरडी थोडी बधिर होते, त्यामुळे बरं वाटतं. मग त्याची तलब लागते. सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री झोपताना एकदा. "घासल्याशिवाय पोट साफ होत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य.

नागपूरच्या डॉक्टरांनी रागावून काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले की गुडाखू चालू असेपर्यंत हिरडी भरून येणार नाही, कारण निकोटिनमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो. जिथे ती रोज चोळायची तिथे हिरडी सर्वांत जास्त खाली गेली होती आणि गालाच्या आत पांढुरका डाग पडला होता. त्या डागावर लक्ष ठेवायला सांगितलं, कारण तंबाखूचे असे डाग पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतात.

सोडणं सोपं गेलं नाही. पहिले दहा दिवस अम्मी चिडचिडी झाली, डोकं दुखायचं, झोप लागेना. तिने आधी दुपारची सोडली, मग रात्रीची. सकाळची सर्वांत शेवटी. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी आणि थोडं चालणं, पोटाची तक्रार त्यावर निभावली. तोंडात काहीतरी हवंच वाटे तेव्हा बडीशेप. तिसऱ्या महिन्यात एका मयतीच्या घरी तिने पुन्हा दोन दिवस घासली. भावाने काहीच बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं आणि तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच डबी उकिरड्यावर टाकली. ज्यांना घरात बोलायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी तंबाखू सोडवणारी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. फोन मोफत आहे.

रोजच्या सफाईला मात्र मिस्वाकनेच वाट दाखवली. प्रत्येक नमाजेच्या वेळी मिस्वाक व्हावी अशी प्रेषितांची (स.) किती इच्छा होती, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अम्मीला ब्रश हे दवाखान्याचं काम वाटे, मिस्वाक हे दीनचं. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आनंदाने होकार दिला आणि वापरायची पद्धत दाखवली. टोकाची साल काढून भिजवून ते चावून मऊ कुंचल्यासारखं करायचं, हिरडीवर आडवं रगडायचं नाही, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हळूच फिरवायचं, दातांच्या आतल्या बाजूलाही न्यायचं, आणि कुंचला विस्कटला की तेवढं टोक कापून नवीन करायचं. पीलूच्या झाडाची मिस्वाक मशिदीबाहेर मिळते. ती नसेल तेव्हा आमच्याकडे कडुनिंबाची काडी असतेच. पण दोन दातांच्या मधली जागा ना काडीने साफ होते ना ब्रशने. तिथे अम्मीसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा, अगदी छोटा, फटीत घालायचा ब्रश दिला.

एक अडचण मात्र आम्हाला महिन्याभराने दिसली. अम्मी इशाच्या वुजूबरोबर मिस्वाक करायची आणि जेवायची इशानंतर. म्हणजे साफ केलेले दात पुन्हा भरायचे आणि रात्रभर तसेच राहायचे. झोपेत थुंकी कमी सुटते, म्हणून रात्री तोंडात राहिलेलं जास्त नुकसान करतं. मग वेळापत्रक बदललं. इशाची मिस्वाक तशीच, आणि जेवण, आवराआवर झाल्यावर झोपायच्या आधी मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि फटीचा ब्रश. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं. आपल्या घरांत बाई सर्वांत शेवटी जेवते आणि भांडी झाली की आडवी होते. ती पाच मिनिटं तिला मिळावीत म्हणून भांडी आता माझी भावजय आणि भाऊ मिळून आवरतात.

रमजानमध्ये प्रश्न आला. रोजात मिस्वाक चालते, हे अम्मीला माहीतच होतं. पेस्टचं आणि हिरडीतून आलेल्या रक्ताचं काय, ते तिने आपल्या इमाम साहेबांना विचारलं. त्यांनी सांगितलं की पेस्ट सेहरीनंतर वेळ संपायच्या आत आणि रात्री वापरावी, आणि रक्त गिळलं जाऊ नये याची काळजी घ्यावी. तुम्हीही आपापल्या आलिमांना विचारा. दवाखान्याच्या तारखा आम्ही रमजानच्या आधी आणि ईदनंतर घेतल्या. शुगरच्या गोळ्यांच्या वेळा आणि रोजे ठेवावेत की नाही, हे शुगरच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं. रमजानमध्ये तोंडाला वास येतो म्हणून लोक चालवून घेतात. पण इतर अकरा महिनेही तो येत असेल तर हिरड्या तपासा.

कुणाला वाटेल, इतक्या उशिरा हे सगळं करून काय उपयोग? यावर एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात साफ करणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा साफसफाई सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. जी सूज तीन आठवड्यांत येते, ती पहिल्या पायरीवर असेल तर तितक्याच लवकर जाते. पुढे याच संशोधकाने श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतल्या मजुरांचे दात पंधरा वर्षं पाहिले. ते मजूर दातांची काहीच निगा राखत नसत. तरी काहींचे दात भराभर गेले, बहुतेकांचे हळूहळू, आणि थोड्यांना फारसं काही झालं नाही. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. म्हणून "आमच्या आजोबांनी कधी दात घासले नाहीत, तरी ऐंशीला ऊस खात" हे उदाहरण खरं असलं तरी आपल्याला लागू पडेलच असं नाही.

घरातल्या पुरुषांसाठी दोन शब्द. माझा भाऊ खर्रा खायचा. भाजलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून देतात, आमच्याकडे प्रत्येक पानटपरीवर मिळतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, खर्रा मात्र चालूच राहिला. अम्मीबरोबर नागपूरला बसला असताना डॉक्टरांनी त्यालाही तोंड उघडायला सांगितलं आणि त्याची तीन बोटं उभी तोंडात जातात का ते पाहिलं. जेमतेम गेली. सुपारीने गालाची आतली कातडी आखडत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. हा आजार पूर्ण उलटत नाही, थांबवता येतो, आणि त्यातून कॅन्सरचा धोका असतो. आई गुडाखू सोडते आणि मुलगा समोर खर्रा घोटतो, हे त्याला स्वतःलाच बघवेना. त्याने सोडला आहे, सात महिने झाले.

आता थोडं कामाचं. चूळ भरताना वारंवार रक्त येत असेल तर घासणं बंद करू नका, मऊ ब्रशने नीट घासा आणि दाखवून घ्या. दातांतून पू येणं, दात हलणं, दोन दातांत नव्याने फट पडणं, ही दाखवायला लगेच जाण्याची लक्षणं आहेत. तोंडातली जखम किंवा डाग दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर थांबू नका. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात, तेव्हा सफाई करून घेता येते, घाबरायचं कारण नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. रक्तदाबाच्या आणि फिटच्या काही गोळ्यांनीही हिरड्या वाढतात, म्हणून गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. क्लोरहेक्सिडिनचं औषधी पाणी डॉक्टरांनी सांगितलं तितकेच दिवस वापरा, जास्त दिवसांनी दात डागाळतात. मीठ-पाण्याने चूळ भरल्याने बरं वाटतं, किटण मात्र निघत नाही. आणि उपचार संपले म्हणून हिरडीचा आजार संपला असं नसतं. तो शुगरसारखा आहे, सांभाळत राहावा लागतो. अम्मीला दर तीन महिन्यांनी तपासणी आणि सफाई सांगितली आहे. आता ती गोंदियातच करून घेतो, नागपूरला वर्षातून एकदा.

अम्मीची एचबीएवनसी ९.१ होती, ती ८.२ वर आली. त्यात औषधं, चालणं आणि हिरड्या, प्रत्येकाचा वाटा किती हे सांगता येणार नाही. पुढच्या दातांमधली फट पूर्ण मिटली नाही, पण दात आता हलत नाहीत आणि 'से'मधली शिट्टी जवळजवळ गेली. मुलींची संख्या आता चौदा आहे. नवीन मुलीला पहिला सबक देण्याआधी अम्मी तिला तोंड उघडायला लावते आणि दात पाहते. एकीच्या आईला तिने गेल्या महिन्यात निरोप पाठवला, "मुलीचं ठीक आहे, तू स्वतःचं दाखवून घे."